मोगऱ्याचा दाट दुधाळ चहा: अमळनेरच्या ओट्यावरच्या नोंदी

२२ मार्च

हवंय ते असं: कपात खऱ्या मोगऱ्याचा वास, जिभेवर दुधाचा दाटपणा, आणि चहा चहासारखाच लागला पाहिजे, सरबत नको. पुण्यात भाचीनं असला एक कप पाजला होता. किंमत दोनशे वीस रुपये, त्यात निम्मा बर्फ. घरी मागच्या अंगणात एकेरी मोगऱ्याची दोन झाडं आहेत, कमरेएवढी. मार्च संपताना कळ्या धरतात आणि मे महिन्यात ओसरतात. जे काय करायचं ते एवढ्या काळात.

घेतलेलं सामान: ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा ३५० रुपये, स्वयंपाकाचा थर्मामीटर ४००, सुटी ग्रीन टी पाव किलो ३००, खाण्याच्या मोगरा इसेन्सची बाटली ६०. वजनकाटा नसेल तर या भानगडीत पडू नका. चमच्याच्या मापानं दोन कप सारखे होत नाहीत, आणि मग बिघडलं कशानं ते कळत नाही.

२४ मार्च

आधी सोपा रस्ता. घरातली रोजची दाणेदार चहा पूड, नेहमीसारखी खळखळून उकळी, दूध, साखर, गॅस बंद करून इसेन्सचे दोन थेंब. सासूबाईंनी बशीत ओतून घोट घेतला आणि विचारलं, "हाऊ च्या शे का अगरबत्ती?" विषय तिथेच संपला. बाटली कपाटात मागे गेली.

मग ताज्या कळ्या पाण्यात टाकून उकळल्या. वास इतका सुटला की समोरच्या काकू दारात येऊन "गजरे केले का?" विचारून गेल्या. कपात मात्र काहीच नाही, उलट देठाकडच्या हिरव्या भागाचा कडवटपणा उतरलेला. कारण सरळ आहे. फुलाचा वास ज्या द्रव्यांचा असतो ती उडून जाणारी असतात, वाफेबरोबर निघून जातात. स्वयंपाकघरात वास घमघमला म्हणजे तेवढा कपातून कमी झाला.

आपल्याकडे चहा म्हणजे उकळणं. आलं, गवती चहा, वेलची ही मंडळी उकळी सोसतात. मोगरा सोसत नाही.

२७ मार्च

दाणेदार पूड बाद. तिचा कडक रंग आणि तुरटपणा मोगऱ्याला उभं राहू देत नाही. ग्रीन टीवर आले.

पहिल्यांदा उकळतं पाणी ओतलं, पाच मिनिटं झाकलं. कडू जहर. थर्मामीटर लावून ८० अंशांवर तीन मिनिटं ठेवलं तर कडूपणा गेला. ७० वर चहा पाणचट होतो आणि दूध पडल्यावर सापडतच नाही. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका पातेल्यातून दुसऱ्यात, असं दोन-तीनदा ओतायचं, साधारण तिथपर्यंत उतरतं. मेमध्ये एखाद वेळ जास्त ओता, ओट्याजवळच चाळीसच्या पुढे असतं.

चहाचं प्रमाण वाढवावं लागलं. नुसती ग्रीन टी प्यायची तर कपाला दोन ग्रॅम पुरतात. दूध घालायचं तर १०० मिली पाण्याला ५ ग्रॅम. दुधातली प्रथिनं चहाचा तुरटपणा धरून ठेवतात, त्यामुळे एवढा कडक काढा दुधात मवाळ होतो.

एक गोष्ट दोन दिवस छळत होती. चहा गार होताना वर तपकिरी पातळ तवंग यायचा. मी त्याला साय समजत होते, पण दूध न घातलेल्या कपावरही तो आला. चमच्यानं सरकवला की तुकड्यातुकड्यानं फुटतो आणि कपाच्या काठाला चिकटतो. हे बोअरच्या पाण्याचं काम. आमच्याकडच्या पाण्यात क्षार भरपूर, किटलीच्या बुडाशी पांढरा थर बसतोच. पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं मिळून हा तवंग बनतो, रंगही मळकट होतो. फिल्टरचं पाणी घेतल्यावर तवंग गायब, काढा निवळ पिवळसर. या एका बदलानं जेवढा फरक पडला तेवढा महागड्या चहानं पडला नसता.

१ एप्रिल

आता दूध. दाटपणाचा सगळा खेळ इथे आहे, म्हणून यात बराच वेळ गेला.

पिशवीचं टोन्ड दूध, ३ टक्के स्निग्धांशाचं, पातळ पडतं. गवळ्याचं म्हशीचं दूध यापेक्षा दुप्पट स्निग्ध, ते बरं. पण नुसतं तेवढ्यानं भागेना, म्हणून लिटरभर दूध आटवून पाऊण केलं. दाट झालं, आणि चव बासुंदीची झाली. मोगरा त्यात बुडाला. कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा लावून पाहिलं, जिभेवर खळीचा थर बसला. दुकानातली डब्यातली फ्रेश क्रीम फेटून वर घालायची म्हटलं तर ती फेटली जाईना. डब्यावर वाचलं, २५ टक्के स्निग्धांश. फेस उभा राहायला तिशीच्या पुढे लागतो. ७५ रुपये तिथे गेले. (ती क्रीम नंतर शेवभाजीत घातली. कोणालाच आवडली नाही.)

जमलं ते दूध पावडरीनं. २०० मिली म्हशीच्या दुधाला एक मोठा चमचा साधी दूध पावडर, आधी थोड्या कोमट दुधात गुठळ्या मोडून. आटवल्याशिवाय दाटपणा येतो, म्हणून आटीव वासही येत नाही.

गवळ्याचं दूध एकदा उकळणं भागच आहे, त्यात सूट नाही. पण उकळल्यावर दुधाला जो शिजल्याचा वास येतो तो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर बराच कमी होतो. म्हणून या चहाला कालचं उकळलेलं दूध घ्यायचं आणि आज फक्त ६५ अंशांपर्यंत गरम करायचं. बोट बुडवून पटकन काढावंसं वाटेल इतपत. पुन्हा उकळी आणली की कालची मेहनत वाया.

सासूबाई बाजूला उभ्या. "उकळू दे ना व माय, कच्चा लागी ऱ्हायना." त्यांचा चहा वेगळा केला. रोजचं भांडण नको.

५ एप्रिल

आडवळण. नणंदबाईंना चहा गुलाबी हवा होता, म्हणून वाळवलेली अंबाडीची लाल बोंडं काढ्यात टाकली. रंग झकास. दूध ओतताक्षणी फाटलं. अंबाडी आंबट, गरम दुधात आंबट पडलं की पनीरच होणार. रंगच पाहिजे तर गोकर्णाची निळी फुलं चालतात, आंबट नसतात, दुधात फिकट आकाशी रंग देतात. वास मात्र शून्य.

गुळाचाही प्रयोग त्याच दिवशी आटपला. गरम दुधात गूळ पडला की फाटायची भीती, आणि नाही फाटलं तरी गुळाच्या वासापुढे मोगरा टिकत नाही. साखरच.

कोणी हे वाचून अंगणातलं दिसेल ते फूल टाकू नये म्हणून लिहिते: कण्हेर, पिवळी असो की गुलाबी, विषारी आहे. तगरीची फुलं लांबून मोगऱ्यासारखी दिसतात, तीही पोटात जायला नकोत. पूजेच्या दुकानातल्या वाळक्या गुलाबपाकळ्या खाण्यासाठी वाळवलेल्या नसतात. आणि बाजारातल्या गजऱ्याच्या कळ्यांवर काय फवारलंय ते विकणाऱ्या मावशींनाही ठाऊक नसतं. फूल स्वतःच्या किंवा ओळखीच्या अंगणातलं घ्यावं.

१० एप्रिल

कळ्या पुरेशा निघू लागल्या. आता खरं काम.

चीनमधल्या फूजियान प्रांतातल्या फूजौ शहराचा मोगऱ्याचा चहा नावाजलेला. तिकडे वापरतात ते फूल म्हणजे आपला मोगराच, जाई-जुई या वेगळ्या जाती. तिकडची रीत अशी की फूल पाण्यात घालतच नाहीत. दुपारनंतर फुगलेल्या कळ्या तोडायच्या, रात्री त्या उमलताना कोरड्या चहाच्या पानांत मिसळून ठेवायच्या. कोरडी चहापत्ती आसपासचा वास आणि ओल दोन्ही शोषते. सकाळी फुलं चाळून काढायची, पत्ती सुकवायची, पुन्हा नवी फुलं. असं अनेकदा.

२५ ग्रॅम ग्रीन टी, २५ ग्रॅम कळ्या. दोन्ही झाडांच्या मिळून शंभराच्या आसपास कळ्या. परातीत पसरून ठेवल्या. रात्री दहाला पाहिलं तर एकही उमललेली नाही. कडा तपकिरी, कळ्या मऊ पडून सुकलेल्या. फूजौ दमट, आमच्याकडे एप्रिलचा वारा कपडे अर्ध्या तासात कडक करतो. कळीला उमलायला ओल लागते, ती हवेनं ओढून घेतली, उरलेली चहानं.

११ एप्रिल

ओल कुठे आहे? कूलरच्या खोलीत. परात कूलरसमोर टेबलावर ठेवली. कळ्या नऊच्या सुमारास सुरेख उमलल्या, टक लावून पाहिलं तर पाकळ्या सुटताना दिसतात. सकाळी फुलं निवडून पत्ती हुंगली तर वाळ्याचा वास. आमच्या कूलरला वाळ्याच्या ताट्या आहेत. मोगरा होता, पण मागे कुठेतरी. चहा करून पाहिला, थंडगार पाणपोईवर उभं राहिल्यासारखं वाटलं. वाईट नाही. पण हे नको होतं.

१४ एप्रिल

स्टीलच्या डब्यात केलं. डबा घट्ट, वरून ओलं फडकं. कळ्या उमलल्या, पत्तीला वास लागला, खूश होऊन पत्ती सुकवायला माळ्यावरच्या खोलीत पसरली. आणि खाली अंगणात त्याच दिवशी वर्षाचा काळा मसाला भाजायला घेतलेला. मिरची, धणे, खोबरं, दगडफूल. संध्याकाळी पत्ती हुंगली तर शेवभाजीचा रस्सा आठवावा अशी.

एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे उन्हाळी कामाचा हंगाम. मसाला, कुरडया, बिबड्या, पापड. मोगराही नेमका तेव्हाच. म्हणून आता दारामागच्या कॅलेंडरवर दोन खुणा: मसाल्याच्या दिवशी चहा बंद डब्यात, बिबड्यांच्या दिवशी चालतं, ज्वारीच्या चिकाला फारसा वास नसतो.

ही पत्ती टाकली नाही. माझा दीर ती लिंबू पिळून पितो, म्हणतो मस्त आहे.

१९ एप्रिल

जमलं. पद्धत नीट लिहिते.

कळी तोडायची संध्याकाळी पाच ते सहा. पांढरी, टपोरी, टोकाला जरा सैल. हिरवट कळी तोडली तर ती उमलतच नाही, आणि सकाळी उमललेलं फूल घेतलं तर त्याचा वास आधीच खर्च झालेला असतो. कळ्या धुवायच्या असतील तर आदल्या दिवशी झाडालाच पाण्याचा फवारा द्यावा. तोडल्यावर धुतल्या की पत्ती भिजते.

तोडलेल्या कळ्या ओल्या मलमलीत सैल गुंडाळून माठाजवळ ठेवायच्या. आठ-साडेआठला उमलू लागल्या की मग डब्यात. आधी पत्तीचा पातळ थर, वर फुलं, पुन्हा पत्ती. झाकण लावायचं, पण दाबून नाही. झोपायच्या आधी एकदा हलक्या हातानं खालीवर करायचं. पहाटे साडेपाचला फुलं काढायची, आळस नको. आठपर्यंत राहिली त्या दिवशी पत्तीला शिळ्या गजऱ्याचा वास बसला.

सकाळी वजन केलं तर २५ ग्रॅमची पत्ती २९ झालेली, हाताला मऊ. ही ओल काढली नाही तर बुरशी. तव्यावर मंद आचेवर सुकवली तर वास उडाला आणि भाजका सूर आला. उन्हात वास जातो. सावलीत, बंद खोलीत, मलमलीखाली पसरली तर आमच्या कोरड्या हवेत दुपारपर्यंत पुन्हा कुरकुरीत. जी हवा कळ्यांच्या मुळावर आली होती तीच इथे कामी आली. वजन पुन्हा २५ वर आलं की झालं.

हेच पुढच्या दोन रात्री. शेवटच्या फेरीत फुलं निम्मी, वेळ तीन-चार तास, आणि त्यानंतर सुकवायचं नाही. फूजौकडेही शेवटी थोडी फुलं घालून तसंच करतात, वरचा ताजा वास त्यानं राहतो. अशी पत्ती मात्र आठवड्यात संपवावी.

हिशोब मांडला तर तीन रात्री जागून पाच कप. घरातल्यांनी हिशोब ऐकून माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते लिहीत नाही.

२६ एप्रिल

चहाला वास आहे, दूध घातल्यावर निम्मा दबतो. स्निग्धांश वास धरून ठेवतो हे खरं, मग तोच आधी वासाचा करून का ठेवू नये? अत्तरवाले पूर्वी चरबीच्या थरावर मोगरा-चमेलीसारखी फुलं पसरून वास काढायचे. आपल्याकडे साय आहे.

वाटीभर सायीवर मलमल, मलमलीवर उमललेली फुलं, वर झाकण, रात्रभर ओट्यावर. सकाळी साय आंबली होती. रात्रीचंही बत्तीसच्या खाली उतरत नाही आता. घुसळून लोणी काढलं, तूप कढवलं, रविवारी वरण-बट्टीवर गेलं. त्या तुपाला मोगऱ्याचा जरासुद्धा वास नव्हता.

फ्रिजमध्ये ठेवलं तर साय टिकली, पण गारठ्यात फूल वास सोडेना.

मधला मार्ग: सायीची वाटी बर्फाच्या पाण्याच्या परातीत, फुलं वर मलमलीवर आणि परातीच्या पाण्यापासून उंच, झाकण, रात्री नऊ ते अकरा. मग फुलं काढून साय फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायची. साय गार, फूल कोमट. वास सौम्य लागतो, पण घोट गिळल्यावर राहतो, जे मला हवं होतं.

ही साय रवीनं फेटायची. वाटी आणि रवी दोन्ही आधी फ्रिजमध्ये गार केली नाही तर बघता बघता लोण्याचे कण दिसू लागतात. चमच्यावरून जाडसर ओघळू लागली की थांबायचं. त्यात चिमूटभर मीठ. मीठ विसरलं तर साय नुसती तेलकट लागते.

३ मे

एका मोठ्या कपाचं प्रमाण, आता बदलणार नाही:

फिल्टरचं पाणी १०० मिली, ८० अंश. मोगऱ्याची पत्ती ५ ग्रॅम, तीन मिनिटं, झाकून. गाळताना पत्ती पिळायची नाही, पिळली की तुरटपणा उतरतो. दूध पावडर घातलेलं म्हशीचं दूध १०० मिली, ६५ अंश. साखर दोन चमचे, दुधात विरघळवून. काढा कपात, त्यावर दूध, वर फेटलेली साय दोन चमचे. साय ढवळायची नाही, तिच्याखालून प्यायचं.

कपाचा खर्च: पत्ती ६ रुपये, दूध ७, पावडर आणि साय धरून सतराच्या आसपास. वाया गेलेलं सगळं धरलं तर पुण्याचा चहा स्वस्त पडला असता, निदान या वर्षी.

सासूबाईंनी अर्धा कप संपवला. साय बोटानं पुसून खाल्ली. चहाबद्दल काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी कळ्या तोडायला स्वतः वाटी घेऊन अंगणात गेल्या, आणि माझ्या हिरवट कळ्या बाजूला काढून परत दिल्या.

११ मे

पारा त्रेचाळीस. गरम चहा कोणी मागत नाही. गार करायचा तर पत्ती ७ ग्रॅम घ्यावी, पाणी तेवढंच. बर्फ वितळून काढा पातळ होतो, ते आधीच धरून चालायचं. काढा गरम असताना बर्फ टाकायचा, दूध थंडच, गरम करायचं कारण नाही. दूध पावडर मात्र आधी कोमट दुधात विरघळवून घ्या, थंडात गुठळ्या राहतात.

दुपारी लाईट गेली की फ्रिजमधल्या सायीचा भरवसा नाही. आज तासाभरात वास बदलला होता, टाकली.

१७ मे

कळ्या वीस-पंचवीसवर आल्या, एका फेरीपुरत्याही नाहीत. थंडी सरताना झाडांची छाटणी आणि शेणखत, काकूंच्या अंगणात आणखी एक कलम लावायचं ठरलंय. उरलेली साधी ग्रीन टी ८० ग्रॅम. पुढच्या महिन्यात गावाकडून देशी गुलाब मिळाला तर त्यावर हीच रीत लावून पाहणार आहे, फक्त पाकळ्यांत ओल जास्त म्हणून पत्तीच्या निम्म्या वजनानं सुरुवात.